सोडली खरी, पण बोलू कुणाशी?

ताई, नमस्कार.

माझं वय ४१. हिंगणा एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे, राहायला मानेवाड्याकडे. पंधरा-सोळा वर्षं प्यायलो. मागच्या दिवाळीनंतर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, तेव्हापासून थेंब घेतला नाही. आठवड्यातून दोनदा एएच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला जातो. माझी पाळी आली की नाव सांगतो, 'आजचा दिवस चांगला गेला' म्हणतो आणि खाली बसतो. त्यापुढे शब्द निघत नाही.

घरीही तेच. जेवतो, टीव्ही पाहतो, पानठेल्यावर जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा आणतो. खर्रा दुप्पट झाला आहे. रात्री तीनला झोप उघडते ती उघडतेच. विनाकारण चिडतो. यंदा तान्ह्या पोळ्याला मुलगी लाकडी बैल सजवून 'बाबा, चला ना' म्हणत होती. बाहेर मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, वरून मित्रांचे फोनवर फोन. मी तिच्यावर ओरडलो. ती आईला म्हणाली, 'पहिले बाबा हसत तरी होते.' नऊ वर्षांची आहे ती. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

अजून एक. तीन वर्षांपूर्वी बाबूजी गेले. त्या दिवशी मी शुद्धीत नव्हतो. मोठा मुलगा मी, पण घाटावर अग्नी लहान भावानं दिला. हे मी कुठंच बोललो नाही. बायको म्हणते, मनात असेल ते बोला. साळा म्हणतो, 'जिजाजी, सोडली ना, झालं. मर्द माणसानं रडगाणं काऊन गावं?' कधी कधी वाटतं, मी नसतो तर यांचं बरं झालं असतं. सोडल्यावरही आत असं का? आणि बोलणं खरंच इतकं गरजेचं आहे का?

एक वाचक, नागपूर

भाऊ, नमस्कार.

'मी नसतो तर यांचं बरं झालं असतं' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी उत्तराला तिथूनच हात घालते. हा विचार किती वेळा येतो? नुसता येऊन जातो, की कसं करायचं हेही डोक्यात घोळतं? समोर बसलेल्या माणसाला मी हे स्पष्टच विचारते. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. 'कसं' इथपर्यंत मन जात असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा, आजच बायकोला सांगा आणि आजच डॉक्टर गाठा. घरात झोपेच्या गोळ्या असतील, गावच्या शेतीसाठी आणलेलं फवारणीचं औषध असेल, तर ते तिला घरातून हलवायला सांगा. रात्री तीनला हाच विचार छळत असेल तर १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू. पैसे लागत नाहीत, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

आता, सोडल्यावरही आत असं का? यातलं काही शरीराचं आहे. दारू मेंदूला सुस्त करते आणि रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू बंद झाली म्हणून तो जोर लगेच ओसरत नाही. झोपेची घडी बसायला कित्येकांना महिनोन्‌महिने लागतात. पण सगळं दारूवर ढकलू नका. दारूमुळे आलेली उदासी साधारणपणे सोडल्यापासून महिनाभरात कमी व्हायला लागते. तुमचे कित्येक महिने झालेत. आता रोज पहाटे जाग येणं, कशात मन न रमणं, विनाकारण भडकणं आणि 'मी नसतो तर' हा विचार, हे सगळं एकत्र असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर औषध आहे. पुरुषाचं नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसतं. म्हणून घरचे त्याला स्वभाव म्हणतात आणि तो माणूसही तसंच समजतो.

तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाला भेटणं ही पहिली गोष्ट. आपल्या शहरात एका चौकाला लोक अजून 'पागलखाना चौक' म्हणतात. लहानपणापासून हे कानावर पडलेल्या माणसाला मानसोपचार म्हटलं की कुठली भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. पण मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, सगळीकडे मानसोपचार विभाग आहे, तिथं बाकीच्या ओपीडीसारखी चिठ्ठी काढून बसायचं असतं. मेडिकल तर तुम्हाला घरापासून जवळ. नैराश्याच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या मनानं बंद करायच्या नसतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची. 'झोप नाही येत' म्हणून ओळखीच्या मेडिकल स्टोअरवरून त्या आणू नका. दारू सुटलेली माणसं त्या पट्टीवर अडकलेली मी पाहिली आहेत, आणि ती पट्टी सोडवणं दारू सोडवण्याहून सोपं नसतं.

बोलण्याकडे येते. बोलणं गरजेचं आहे का, तर हो, तुमच्यासाठी आहे. सगळ्याच पुरुषांनी उठून मनातलं सांगत सुटावं असं माझं म्हणणं नाही. कमी बोलणारे पुष्कळ लोक सुखानं जगतात. पण तुम्ही पंधरा वर्षं बोलतच होता, फक्त प्यायल्यावर. दोन पेग गेले की कशाचा तरी राग निघत असेल, तिसऱ्याला एखादी जुनी आठवण, आणि घरी येताना गाणं. मुलीनं पाहिलेलं हसणं तेच. या सगळ्याला दारूनं एक सोय करून दिली होती. दुसऱ्या दिवशी 'काल जरा जास्तच झाली होती' म्हटलं की बोललेलं सगळं पुसलं जायचं. ना तुम्ही विषय काढायचा, ना मित्रानं. आता शुद्धीत बोललेला शब्द पुसता येत नाही, तो तुमचाच राहतो. उठून उभं राहिल्यावर घसा आवळतो तो यामुळे, असं मला वाटतं. यात मर्दानगी कमी पडलेली नाही. बोलायची जी एकच जागा ठाऊक होती ती तुम्ही सोडलीत, आणि दुसरी अजून तयार केली नाही.

त्या जागी काय आलं तेही पत्रात आहे. खर्रा. याकडे मी थोडं जवळून बघते, कारण आपल्या भागात हे घरोघरी दिसतं. माणूस पन्नी उघडतो, तळहातावर घेतो, गालात दाबतो, आणि पुढचा अर्धा तास त्याला तोंड उघडायचं कारण उरत नाही. बायकोनं काही विचारलं की 'हूं'. पोरीनं विचारलं की मान हलवायची. फारच झालं तर उठून थुंकून यायचं, तोवर विषय गेलेला असतो. तोंड भरलेलं ठेवणं हा गप्प राहण्याचा सगळ्यात सोयीचा मार्ग आहे. शिवाय तंबाखूतलं निकोटीन झोप उडवतं. रात्री जेवणानंतरचा खर्रा आणि तीनची जाग यांचा संबंध असू शकतो. आणि इतकी वर्षं दारू आणि तंबाखू दोन्ही तोंडातून गेलेल्या माणसानं दातांच्या डॉक्टरांकडून एकदा तोंड तपासून घ्यावं. खर्रा आजच्या आज बंद करा असं मी म्हणत नाही, त्यासाठी १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाइन आहे. पण घरात शिरताना तोंड रिकामं असावं, एवढं या आठवड्यापासून करा. चूळ भरून मगच दार वाजवा.

साळेबुवांना काय सांगायचं? ते वाईट मनानं बोलले नसतील, त्यांनाही लहानपणी 'पोरीसारखा काय रडतो बे' हेच ऐकायला मिळालं असेल. पण २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून जास्त माणसांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यात दहातले सात पुरुष, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. ही माणसं रडगाणं गात बसली होती असं म्हणता येईल का? दुसरं, २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात. तुम्ही तो एक आहात. साळेबुवांशी यावर वाद घालत बसू नका. 'मला डॉक्टरनं सांगितलंय' म्हणा आणि विषय संपवा.

आता कुणाशी बोलायचं? इथं माझं मत तुमच्या बायकोच्या मतापेक्षा थोडं वेगळं आहे, त्यांनी रागावू नये. पहिल्यांदा तिच्याशी नको. म्हणजे तिच्यापासून लपवा असं नाही, पण पंधरा वर्षांचं साचलेलं सगळं तिच्या पुढ्यात ओतायचं नाही. तिनं ती वर्षं तुमच्याबरोबर काढली आहेत, त्यात तिचं स्वतःचं दुखणं आहे. तुम्ही रडू लागलात की ती तुम्हाला सावरायला धावेल आणि तिचं पुन्हा राहून जाईल. पहिलं बोलणं व्हायला हवं ते अशा पुरुषाशी, जो स्वतः त्यातून बाहेर आला आहे.

ज्या मीटिंगला तुम्ही जाता ती सुरूच अशी झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेला होता. काम फसलं, खिसा रिकामा, दारू सोडून पाचच महिने झालेले, आणि हॉटेलच्या लॉबीत उभं असताना बारमधला गलबला कानावर येत होता. त्यानं बारऐवजी फोन गाठला आणि आपल्यासारखा कुणी दारुडा भेटेल का म्हणून विचारत सुटला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. पंधरा मिनिटं बसतो म्हणणारे डॉक्टर सहा तासांच्या वर बसले. बिलनं उपदेश केला नाही, स्वतःचं काय झालं ते सांगितलं. त्या भेटीनंतर महिन्याभरातच, १० जून १९३५ ला, डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली, आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. यात मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. बिल दुसऱ्याला वाचवायला निघाला नव्हता. न बोलता राहिलो तर आज रात्री पिणार, हे त्याला कळलं होतं.

तर स्पॉन्सर घ्या, म्हणजे एएमधला नव्याला सोबत करणारा जुना माणूस. तुमच्या ग्रुपमध्ये काही वर्षं सोबर असलेला, घर नीट चालवणारा, तुमच्यापेक्षा कमी बोलणारा असला तरी चालेल असा एक माणूस हेरा. मीटिंग संपल्यावर त्याला इतकंच म्हणा, 'दादा, मला सगळ्यांसमोर बोलता येत नाही. तुमच्याशी बोलू का?' समोरासमोर बसणं जड जात असेल तर फुटाळा तलावावर फेरी मारा. शेजारी शेजारी चालताना, नजर पाण्याकडे असताना पुरुषांची जीभ सैल होते, हे मी अनेकदा बघितलं आहे. एएच्या बारा पायऱ्यांतली पाचवी पायरी हीच आहे, आपल्या चुका नेमक्या काय होत्या त्या आपल्याशिवाय आणखी एका माणसाजवळ कबूल करणं. एकाच माणसाजवळ. अख्ख्या मीटिंगसमोर नव्हे. बाबूजींच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट तिथं सांगा. सांगताना आवाज फुटला तर फुटू द्या, तो माणूस घाबरणार नाही. भावाशी बोलणं त्यानंतर, स्पॉन्सर म्हणेल तेव्हा. घाईनं त्याच्या दारात जाऊन माफी मागितलीत आणि तो 'आता काय उपयोग' म्हणाला, तर ते पेलायला आज तुमच्याजवळ कुणी नाही.

बोलायचं म्हणजे नक्की काय, हाही प्रश्न तुम्हाला पडला असणार. माझ्या एका व्यसनमुक्ती गटात एक ऑटोवाले होते. घरी भांडी आपटली, जेवण फेकलं, आणि कारण विचारलं की एकच उत्तर, 'डोकं फिरलं होतं.' मी म्हटलं, डोकं फिरायच्या आधी कुठं होतात? भावाच्या घराच्या वास्तूला. तिथं काय झालं? काही नाही. जेवलात का? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'सगळे पंगतीला बसले, मले कोणी बस म्हटलं नाही. मी ऑटोत जाऊन बसलो.' अपमान होता तो, आणि त्याखाली पुन्हा लाज, की आपण पूर्वी अशाच एका पंगतीत तमाशा केला होता. हे म्हणून झाल्यावर ते रडले वगैरे नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, 'म्हणजे बायकोचा काही गुन्हा नव्हता.' त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी तिला हेच सांगितलं.

तुम्हालाही एवढंच करायचं आहे. रागाच्या अर्ध्या तास आधी काय झालं ते शोधायचं. शब्द सापडत नसेल तर शरीरापासून सुरुवात करा. जबडा आवळलाय, छाती भरून आलीय, पोटात खड्डा पडलाय, हात कापतोय. मग विचारा, ही भीती आहे, लाज आहे, एकटेपणा आहे, की नुसती भूक आणि थकवा? कधी खरंच नुसती भूकच असते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या भीती-धोक्याच्या केंद्राची हालचाल कमी होते. पुढच्या मीटिंगला 'दिवस चांगला गेला' याऐवजी एकच वाक्य बोला, 'तान्ह्या पोळ्याला मित्रांचे फोन आले, मी गेलो नाही, पण पोरीवर ओरडलो.' बसा खाली. तेवढं पुरे. त्या खोलीत पोळ्याची ती दुपार कशी जाते हे न कळणारा एकही जण नसेल. कंपनीतलं कुणी तिथं भेटेल ही धास्ती असेल तर लक्षात घ्या, तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हा नियम त्यालाही लागू आहे.

बायकोशी रोज दहा मिनिटं. टीव्ही बंद, तोंड रिकामं. आज कामावर काय झालं, त्यात मला काय वाटलं, उद्याची कशाची धास्ती आहे, बस. कबुलीजबाब नको, शाबासकीची अपेक्षा नको. ती जुनं काही काढेल, काढणारच. तेव्हा 'आता सोडली ना' हे वाक्य गिळून टाका. ऐकून घ्या आणि म्हणा, 'हो, असं झालं होतं.' तिच्यासाठीही कुणी हवं. दारुड्यांच्या घरच्यांची अल-अ‍ॅनॉन ही संघटना १९५१ पासून आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानंही व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालवला आहे. आपल्याकडे तुम्ही राहून आलात त्या केंद्रात बायकांच्या बैठकीची चौकशी तिलाच करू द्या. जायचं की नाही तेही तिलाच ठरवू द्या.

आणि मुलगी. तिच्या वाक्याचा अर्थ तुम्ही प्यायला हवं असा लावू नका, आणि तिला गप्पही करू नका. पिणाऱ्या बापाच्या हसण्याची तिला आठवण येते, यात तिची चूक नाही. त्या हसण्यापाठोपाठ काय काय यायचं तेही तिला आठवत असणार, फक्त ते ती बोलत नाही. तिला जवळ बसवून इतकंच सांगा, 'बेटा, पोळ्याच्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं. तुझा बैल मला आवडला होता. मला आजकाल मधे मधे वाईट वाटतं, त्याचं कारण तू नाहीस. मी डॉक्टरांकडे जाणार आहे.' शेवटची दोन वाक्यं वगळू नका. घरात बाप गप्प असला की मुलांना वाटतं आपलंच काही चुकलं, आणि कुणी सांगितलं नाही तर ते तसंच मोठं होतं. उगाच हसून दाखवू नका, पोरांना ते लगेच कळतं. नवीन वचनंही देऊ नका, तिनं ती पूर्वी पुष्कळ ऐकली असतील. तिच्या शाळेच्या वहीत डोकावा, तिच्याबरोबर तर्री पोहे खायला जा, ती बोलेल ते ऐका.

मधेच कधी स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर त्याच दिवशी स्पॉन्सरला फोन. आणि ती दोन-चार दिवस चालली, तर घरीच एकदम बंद करून पडून राहू नका. जुन्या पिणाऱ्याला अचानक बंद केल्यावर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. दवाखान्यात जा.

ओपीडी सकाळची असते, तेव्हा तुमची पहिली पाळी असेल तर एक दिवस सुट्टी टाका. बायकोला सोबत न्या, तुम्हाला न दिसणाऱ्या गोष्टी ती डॉक्टरांना सांगेल. केंद्रातून मिळालेले कागद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या घ्या. थायरॉईड आणि बी-१२ तपासायचं का ते विचारा, त्यांच्यानंही असंच वाटू शकतं. खर्रा दिवसाला किती ते खरं सांगा. आणि 'मी नसतो तर' हे वाक्य, जसं मला लिहिलंत तसंच्या तसं, त्यांच्यासमोर म्हणा. तोंडानं म्हणवलं नाही तर चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवा.